भाषणातला आकडा कुठल्या रकान्यातला?

एका व्यासपीठावरून सत्ताधारी पक्षाचा नेता सांगतो, महागाई जवळपास शून्यावर आलीय. दुसऱ्या व्यासपीठावरून विरोधी पक्षाचा नेता विचारतो, मग आमच्या माय-बहिणींना घर चालवणं का जड जातंय? ऐकणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक जण थापा मारतोय. ऑक्टोबर २०२५ ची अधिकृत आकडेवारी उघडली तर मात्र दोघांच्याही खिशात पुरावा सापडतो.

त्या महिन्यात किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता आणि खाद्यपदार्थांपुरता तर उणे ५.०२ टक्के. पण हा दर आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढतात, आणि आदल्या वर्षीचा ऑक्टोबर चांगलाच महाग गेला होता. तेव्हा खाद्यपदार्थ १०.८७ टक्क्यांनी वाढले होते. हिशेब मांडून बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांत बसणारा किराणा-भाजीपाला २०२४ मध्ये ११०.८७ रुपयांवर गेला आणि २०२५ मध्ये साधारण १०५.३० रुपयांवर उतरला. सत्ताधारी ११०.८७ पासून मोजतो, त्याला उतार दिसतो. विरोधक १०० पासून मोजतो, त्याला चढ दिसतो. अर्थशास्त्रवाले याला ‘बेस इफेक्ट’ म्हणतात. आपण एवढंच विचारायचं, की मोजायला सुरुवात कुठून केली?

‘महागाई आटोक्यात आहे’ हे वाक्यही सैल नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला ४ टक्के हे उद्दिष्ट दिलेलं आहे, वर-खाली २ टक्क्यांची मुभा ठेवून. म्हणजे दर ५.८ टक्के असला तरी सरकारी भाषेत महागाई आटोक्यातच असते. शिवाय दर कमी होणं म्हणजे भाव कमी होणं नव्हे. दर ६ वरून ३ वर आला म्हणजे भाव चढतातच आहेत, फक्त चाल मंदावली. आणि वस्तू-सेवांच्या ज्या टोपलीवरून हा दर काढतात ती तुमच्या घरची नसते. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ-पेयांना १०० पैकी ४५.८६ इतका भार होता, शिक्षणाला ४.४६ आणि आरोग्याला ५.८९. ज्या घरात पगाराचा चौथा हिस्सा शाळा-क्लासच्या फीत जातो, त्या घराला टोमॅटो स्वस्त झाल्याचं कौतुक किती असणार?

अर्थसंकल्पावरच्या प्रतिक्रियेत हीच गंमत रकान्यांमध्ये लपते. केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या तक्त्यात चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. २०२५-२६ साठी भांडवली खर्चाची, म्हणजे रस्ते-रेल्वेसारख्या टिकाऊ कामांवरच्या खर्चाची, तरतूद ११.२१ लाख कोटी रुपये होती. २०२४-२५ चा मूळ अंदाज ११.११ लाख कोटी होता, पण तेवढा पैसा खर्च होत नाही असं दिसल्यावर सुधारित अंदाज १०.१८ लाख कोटींवर आणला गेला. आता सुधारित अंदाजाशी तुलना केली तर वाढ भरते १० टक्के. मूळ अंदाजाशी केली तर एक टक्कासुद्धा नाही. दोन्ही वाक्यं एकाच पानावरून घेतलेली, दोन्ही खरी. म्हणून नुसता ‘तरतूद वाढवली’ किंवा ‘तरतुदीला कात्री लावली’ हा शब्द कानावर आला की कशाच्या तुलनेत, हे विचारावं. आणि सगळ्यात मोलाचा रकाना पहिला, प्रत्यक्ष खर्चाचा. तो दोन वर्षं उशिरा येतो, तोवर भाषणं विस्मरणात गेलेली असतात. म्हणूनच त्याच्यावर कोणी सभा घेत नाही.

कर्जाचंही असंच. ‘इतक्या वर्षांत कर्ज इतकं पट झालं’ हा आकडा सभेत टाळ्या घेतो, पण त्या वर्षांत देशाचं उत्पन्नही वाढलेलं असतं. त्यामुळे कर्ज मोजायचं ते सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रमाणात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राचं कर्ज या उत्पादनाच्या ५६.१ टक्के राहील असा अंदाज होता आणि मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या आसपास आणायचं उद्दिष्ट. याचा अर्थ विरोधकांची काळजी फुकाची आहे असा नाही. त्याच अर्थसंकल्पात ५०.६५ लाख कोटींच्या एकूण खर्चापैकी १२.७६ लाख कोटी व्याजात जाणार होते, म्हणजे खर्चाच्या रुपयातले चार आणे. कर्जावर बोलायचं तर या चार आण्यांवर बोलावं. ‘किती पट’ या आकड्यापेक्षा तो कितीतरी बोलका आहे.

‘आपली अर्थव्यवस्था जगात चौथी-पाचवी’ या दाव्यासाठी तर कागदही लागत नाही. अर्थव्यवस्था सुमारे ४ लाख कोटी डॉलरची धरा, लोकसंख्या १४५ कोटी. भागाकार केला की माणशी वर्षाला २,७६० डॉलरच्या आसपास येतात. एकूण आकारात आपण पहिल्या पाच-सहात बसतो, माणशी उत्पन्नात शंभराच्याही खाली जातो. सत्ताधारी आकाराचा क्रमांक सांगणार, विरोधक माणशी उत्पन्नाचा. आकारामुळे देशाला जागतिक मंचावर वजन येतं, माणशी उत्पन्नावर घरातलं ताट ठरतं. प्रश्न कशाचा चालला आहे ते बघून आकडा निवडायचा.

बेरोजगारीत मात्र व्याख्येतच मेख आहे. सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे रोजगाराच्या अधिकृत पाहणीत, काम मोजायच्या दोन पद्धती आहेत. ‘नेहमीची स्थिती’ या पद्धतीत वर्षातला जास्त काळ तुम्ही काय करत होता ते बघतात, आणि दुय्यम काम म्हणून ३० दिवस जरी भरले तरी रोजगारात धरतात. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं असलं तरी पुरतं. पहिल्या पद्धतीने २०१७-१८ चा दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ चा ३.२ टक्के. दुसऱ्या पद्धतीने एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के निघाला. २०२५ पासून मासिक आकडे येऊ लागले ते या दुसऱ्या पद्धतीचे. म्हणजे जुना ३.२ आणि नवा ५.१ शेजारी ठेवून ‘बेरोजगारी भडकली’ म्हणणं चूक. मोजपट्टीच बदलली आहे.

पण सरकारी बाजूनेही इथे सोयीस्कर मौन असतं. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी व्यक्तीही रोजगारात धरली जाते. पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा मुलगा आठवड्यातून एकदा बापाबरोबर तासभर पाणी धरायला गेला, की सर्वेक्षणाच्या लेखी त्या आठवड्यापुरता तो कामाला लागला. खासगी संस्थांचे आकडे बहुधा जास्त निघतात, कारण त्यांची व्याख्या कडक असते. तेव्हा दर विचारण्यापेक्षा पगारी नोकरीत किती, स्वतःच्या धंद्यात किती आणि बिनपगारी मदतनीस किती, ही फोड विचारलेली बरी. ती त्याच अहवालात छापलेली असते.

आता महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा विषय: ‘आम्ही दिल्लीला शंभर रुपये देतो, परत मिळतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.’ हे वाक्य आपल्याकडे सगळ्याच पक्षांच्या नेत्यांनी सोयीप्रमाणे वापरलं आहे. विरोधात असताना जरा जास्तच.

आधी देण्याची बाजू. देशाच्या प्रत्यक्ष करात (प्राप्तिकर आणि कंपन्यांचा कर) महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा, एक तृतीयांशाहून जास्त दिसतो. पण कंपनीचा कर ती जिथे भरते तिथल्या खात्यावर दिसतो. स्टेट बँक आणि आयुर्विमा महामंडळ यांची मुख्यालयं मुंबईत आहेत. पाटण्याच्या शाखेत झालेला नफा आणि गुवाहाटीत विकलेली पॉलिसी यांच्यावरचा कर मुंबईत जमा होतो. म्हणजे शंभरातले सगळे रुपये काही महाराष्ट्राच्या मातीतले नसतात. महाराष्ट्राचं योगदान मोठं आहेच, फक्त ते या आकड्याने फुगलेलं दिसतं.

मग घेण्याची बाजू. केंद्राचे कर राज्यांमध्ये कसे वाटायचे हे दर पाच वर्षांनी वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी वाटपयोग्य रकमेतले ४१ टक्के राज्यांना द्यायला सांगितलं. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, बिहारचा १०.०५८ आणि उत्तर प्रदेशचा १७.९३९. हा वाटा कर किती भरला यावर जवळजवळ ठरतच नव्हता. राज्याचं माणशी उत्पन्न संपन्न राज्यांपेक्षा किती कमी आहे याला १०० पैकी ४५ गुण, लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याबद्दल १२.५, जंगलाला १०. करवसुलीच्या प्रयत्नाला फक्त २.५. संपन्न राज्याने दुबळ्या राज्याला हात द्यावा, याच तत्त्वावर हे सूत्र बेतलेलं होतं. ते पटत नसेल तर भांडण आयोगाच्या निकषांशी आहे. केंद्रातल्या एखाद्या मंत्र्याने पैसे दाबून ठेवले असा त्याचा अर्थ होत नाही. आणखी एक गोष्ट सभेत कोणी सांगत नाही. चौदाव्या आयोगाच्या वेळी महाराष्ट्राचा वाटा ५.५२१ टक्के होता, पंधराव्यात तो वाढला. खरा फटका कर्नाटकाला बसला, ४.७१३ वरून ३.६४७ वर.

राज्यांची रास्त तक्रार आहे ती ‘वाटपयोग्य’ या शब्दात. केंद्र जो उपकर (ठरावीक कामासाठीचा सेस) आणि अधिभार (करावरचा सरचार्ज) गोळा करतं, तो घटनेच्या कलम २७० प्रमाणे वाटपात येत नाही. समजा केंद्राने १०० रुपये कर गोळा केला आणि त्यातले १५ उपकर, अधिभार व वसुलीखर्चाचे निघाले. उरले ८५. त्याचे ४१ टक्के म्हणजे ३४.८५ रुपये सगळ्या राज्यांचे. त्यातले पंधराव्या आयोगाच्या हिशेबाने ६.३१७ टक्के म्हणजे जेमतेम २.२० रुपये महाराष्ट्राचे. उपकर १५ ऐवजी २० झाला की राज्यांची रक्कम ३२.८० वर घसरते, आणि ४१ टक्क्यांना कुणी हातही लावलेला नसतो. नेता या उपकरावर बोलत असेल तर तो गृहपाठ करून आलाय असं समजायला हरकत नाही. आणि या हिशेबात राज्याचा स्वतःचा वस्तू व सेवा कर धरलेला नाही. तो दिल्लीकडून ‘परत’ यायचा नसतोच, तो राज्याचाच असतो. ‘परत मिळतात’वाला आकडा सांगताना तो बेमालूम वगळला जातो.

याच धाग्यातली छोटी गोष्ट: ‘ही आमची योजना.’ केंद्र पुरस्कृत योजनांत बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० असते, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी ९०:१०. ग्रामीण घरकुलाचं सपाट प्रदेशातलं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्यातले ७२ हजार केंद्राचे, ४८ हजार राज्याचे. एकाच घरकुलावर दोन पक्षांचे नेते हक्क सांगतात, आणि आपापल्या विटांपुरते दोघंही बरोबर असतात.

आकड्यांनंतर अधिकार. ‘आम्ही हे करू’, ‘ते हे करणार आहेत’ अशा वाक्यांमागे एक साधी तपासणी असते: करायला किती मतं लागतात? घटनादुरुस्तीसाठी कलम ३६८ प्रमाणे दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश. दोन्ही सभागृहांत वेगवेगळं. जमलं नाही तर संयुक्त बैठकीची पळवाटही नाही, ती सोय साध्या विधेयकांपुरती आहे आणि आजवर तीनदाच वापरली गेली: १९६१, १९७८ आणि २००२.

एकत्र निवडणुकांचं उदाहरण घ्या. १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक मांडताना मतविभागणी झाली: बाजूने २६९, विरोधात १९८. विधेयक मांडायला साधं बहुमत पुरतं, त्यामुळे ते मांडलं गेलं आणि ३९ सदस्यांच्या संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. पण हेच मतदान मंजुरीचं असतं तर? ४६७ जणांनी मतदान केलं, त्याचे दोन तृतीयांश ३१२. म्हणजे ४३ मतं कमी. शिवाय २६९ हा आकडा ५४३ च्या निम्म्याहूनही, म्हणजे २७२ हूनही, कमी. २०२४ च्या निकालात सत्ताधारी आघाडीला २९३ जागा होत्या. सगळे हजर राहिले असते तरीही ३१२ गाठता आले नसते. त्या दिवशी एका बाजूचे नेते म्हणाले लोकशाही संपली, दुसऱ्या बाजूचे म्हणाले ऐतिहासिक पाऊल. या दोन घोषणांच्या मध्ये ४३ मतांची दरी होती. तिच्याबद्दल बोलणारे थोडेच. लोकसभा-विधानसभा एकत्र घ्यायला राज्यांची मंजुरी लागणार नाही, मात्र स्थानिक स्वराज्य संस्था त्यात ओढायच्या तर निम्म्या विधिमंडळांची मंजुरी लागेल, असं माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने म्हटलं होतं.

‘घटनाच बदलतील’ या भीतीला तर आणखी एक कुंपण आहे. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावायचा अधिकार संसदेला नाही असं ठरवलं. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. एका मताच्या फरकाचा निकाल पन्नास वर्षांहून जास्त टिकलाय. मात्र कुंपणाच्या आत बरंच काही बदलता येतं, आणि शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्यात. तेव्हा ‘घटना बदलणार’ म्हणणाऱ्याला आणि ‘बदलूच शकत नाही’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही कुठलं कलम ते विचारावं.

जनादेशाचंही थोडक्यात सांगायला हवं. २०१९ मध्ये भाजपला ३७.३६ टक्के मतं आणि ३०३ जागा मिळाल्या, २०२४ मध्ये ३६.५६ टक्के आणि २४० जागा. मतं एक टक्क्याहूनही कमी घटली, जागा ६३ ने. ‘जनतेने झिडकारलं’ आणि ‘जनता आमच्यामागे ठाम आहे’ ही दोन्ही वाक्यं याच निकालावर उभी राहतात.

न्यायालयाच्या बाबतीत नेते शब्दांचा फार सैल वापर करतात. ‘सर्वोच्च न्यायालयाने फटकारलं’ म्हणजे बहुतेक वेळा सुनावणीतली तोंडी टिप्पणी. ती आदेशात लिहिली नसेल तर तिला बंधन नसतं. ‘नोटीस काढली’ म्हणजे समोरच्याला म्हणणं मांडायला सांगितलं, एवढंच. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही, आणि आरोपपत्र म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असंही नाही. शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती यांतला फरक राहुल गांधींच्या प्रकरणात लख्ख दिसला. मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाल्यावर खासदारकी गेली. एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा स्थगित केली, तरी खासदारकी परत आली नाही. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, तेव्हा ७ ऑगस्टला ते सभागृहात परतले.

आता हे बोलतंय कोण, आणि कुठे? पक्षाच्या कार्यकारिणीने मंजूर केलेला ठराव आणि जाहीरनामा ही पक्षाची भूमिका. पत्रकार परिषद त्याखालची. सभेतलं वाक्य त्याहून हलकं, आणि ट्विट अंगाशी आलं की ‘ते त्यांचं वैयक्तिक मत’ ठरतं. संसदेतल्या भाषणाला कलम १०५ चं संरक्षण असतं, त्यावरून न्यायालयात खेचता येत नाही. म्हणून ‘सभागृहात बोललात ते बाहेर बोलून दाखवा’ हे आव्हान नेहमी ऐकू येतं. त्यात दम असतो: बाहेर तेच वाक्य बदनामीच्या खटल्यात उत्तर द्यायला लावतं.

पक्षाचा नेता आणि संसदीय पक्षाचा नेता एकच असतील असंही नाही. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावरच्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमायचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्याच्या निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा नाही, असं स्पष्ट केलं. प्रतोदाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, बजावला की त्याविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, अपात्र ठरू शकतो. व्हिप निघाला का, आणि कशासाठी निघाला, यावरून पक्षाला तो विषय किती महत्त्वाचा वाटतो ते भाषणापेक्षा लवकर कळतं.

आणि मग सभात्याग. विधेयकावर कडाडून टीका करायची आणि मतदानाच्या वेळी उठून जायचं, ही आपल्या राजकारणातली मुरलेली चाल आहे. मतदारांना सांगता येतं की विरोध केला. पण साध्या विधेयकाचा निकाल हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमतावर लागतो. उठून जाणारा प्रत्येक जण पलीकडच्या बाजूचं ओझं हलकं करतो. ३० जुलै २०१९ ला तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झालं. सभागृहात तेव्हा २४० च्या आसपास सदस्य होते, म्हणजे सगळे बसले असते तर १२० च्या पुढे मतं लागली असती. संयुक्त जनता दल आणि अण्णा द्रमुक यांनी विधेयकाविरुद्ध भूमिका मांडली होती. मतदानाआधी ते बाहेर पडले. त्या दिवशी त्यांचं मत काय होतं, हे त्यांच्या भाषणांत शोधायचं की रिकाम्या बाकांवर, ते आपलं आपण ठरवावं.